पसंतीच्या बटणातला कंस

सांगली,
बुधवार, २५ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप गोपाळमामांच्या पायांवर, खुर्चीवरून न उठता वाकता येईल तेवढं वाकून, देवदत्तचा नमस्कार. मामींना वेगळा, आणि तो उठून. तुमचा डावा गुडघा कसा आहे? आई म्हणते उजवा, पण तिला सध्या डावं-उजवं काही सुचत नाही आणि त्याचं कारण मीच आहे, म्हणून तर हे पत्र. दहिवडीला यंदा परतीचा पाऊस लागला, की ढग नेहमीसारखे नुसते बघून गेले (मुलगी बघायला आल्यासारखे, पोहे खाऊन)? विहिरीला पाणी किती आहे ते कळवा. निवृत्त झाल्यावरसुद्धा तुम्ही गल्लीतल्या पोरांना बोलावून बोलावून गणित शिकवता असं ऐकलं. त्या पोरांना माझी सहानुभूती सांगा.

आता मुद्दा. येत्या रविवारी, २९ तारखेला, सकाळी दहा वाजता हळदीचे व्यापारी नानासो चार माणसं घेऊन आमच्या घरी ‘पुढची बोलणी’ करायला येणार आहेत. त्यांच्या मुलीचं नाव अश्लेषा. हे वाचून तुमचा चष्मा कपाळावर गेला असणार. होय, नक्षत्रसुद्धा तेच. पोरीचा जन्म आश्लेषा नक्षत्रावर झाला तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी नानासोंना सांगितलं की हे कुठं बोलू नका, पुढं लग्नाला आडवं येईल. नानासो उलट्या डोक्याचे. त्यांनी बारशाला तेच नाव ठेवलं, म्हणजे लपवालपवीचा प्रश्नच मिटला. आश्लेषावरची सून सासूच्या मुळावर येते, हे आईला तिच्या सासूनं सांगून ठेवलंय (आणि त्या सासूला आई कुठल्याही नक्षत्राची मदत न घेता पुरून उरली). माझं नाव वधूवर केंद्रात नोंदवताना आईनं फॉर्मवर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘आश्लेषा व मूळ चालणार नाही’. आणि आता त्याच केंद्राच्या छापील कागदावर, आमच्या घराच्या नावानं, नानासोंना पत्र गेलंय की आपली कन्या आम्हांस पसंत आहे. आईनं सोमवारपासून दुपारचं जेवण सोडलंय (सकाळचं आणि रात्रीचं चालू आहे, शिवाय चारला चिवडा). बाबांचं तुम्हाला माहीतच आहे. घरात अडचणीचे पाहुणे आले की ते पूजेला बसतात आणि पाहुणे उठल्याशिवाय देवाला सोडत नाहीत. म्हणून आईचं म्हणणं असं, की तुम्ही थोरले भाऊ, तुम्ही शनिवारी यावं, रविवारी पुढं बसावं आणि नानासोंना सांगावं की ही मशीनची चूक झाली, गैरसमज नसावा. ते नीट सांगता यावं म्हणून चूक कशी झाली ते बैजवार लिहितो.

गावभागात विजयमालाकाकूंचं वधूवर सूचक केंद्र आहे. बावीस वर्षं चालवतात. दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत, पुढच्या खोलीत काकू आणि मागच्या खोलीत फाईली. सांगली आणि मिरजेतली निम्मी जोडपी काकूंनी जमवली असं त्या म्हणतात (उरलेली निम्मी सुखात आहेत असं त्यांचे यजमान दादासो म्हणतात, पण हळू). मी विश्रामबागला कॉम्प्युटरचा क्लास घेतो हे कळल्यावर काकूंनी मला बोलावून फर्मावलं की आता सगळं मशीनवर करायचं, पोरगा-पोरगी समोरासमोर दिसली पाहिजेत आणि बटण दाबलं की पत्र बाहेर आलं पाहिजे. खणभागातला माझा मित्र फारूक जुने कॉम्प्युटर जोडून विकतो. त्यानं एक जोडून दिला, प्रिंटर मागच्या खोलीत ठेवला आणि पुण्याच्या कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली एक सीडी माझ्या हातात ठेवून म्हणाला, ह्यात एक नवीन भाषा हाय, लय सोपी हाय म्हणत्यात, बघ जमली तर. भाषेचं नाव पायथन. पायथन म्हणजे अजगर, हे मी घरात बोलायला नको होतं. आई म्हणाली, एवढी हौस होती तर बत्तीस शिराळ्यात जन्माला यायचं होतंस, नागपंचमीला कौतुक तरी झालं असतं. आता हे पत्र प्रकरण झाल्यापासून ती सगळं एकत्र जोडते. आश्लेषा नक्षत्राची देवता सर्प, भाषा सर्पाची, आणि पोरगा ह्याच घरातला. असं जुळवत नेलं तर जगातली कुठलीही पत्रिका जुळेल (ते तिला सुचत नाही).

तर अजगर फारच गरीब निघाला. दोन दिवसांत मी एक चौकट केली. डावीकडं मुलगा, उजवीकडं मुलगी, खाली तीन बटणं. पहिल्यावर ‘पसंत’, दुसऱ्यावर ‘नापसंत’, तिसऱ्यावर ‘बंद’. काकूंनी बघितलं आणि कानांवर हात ठेवले. बावीस वर्षांत ह्या केंद्रातून ‘नापसंत’ हा शब्द बाहेर पडलेला नाही, म्हणाल्या. आपल्याकडं कुणाला कुणी नापसंत नसतं, पत्रिका जुळत नाही (मुलीचा रंग बघून जुळत नाही, तिच्या बापाचं घर बघून जुळत नाही, पण दोष गुरूचा आणि मंगळाचा). म्हणून दुसऱ्या बटणावर ‘पत्रिका जुळत नाही’ एवढं लांबलचक लिहावं लागलं आणि ते बटण चौकटीच्या बाहेर जायला लागलं, ते ओढून आत घेण्यात एक दुपार गेली. मग तिसरं. ‘बंद’ अशुभ. दुकानसुद्धा आपण बंद करत नाही, वाढवतो. मी ‘जातो’ लिहिलं. काकू म्हणाल्या, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का, शुभकार्याच्या जागेवरून उठताना माणूस ‘येतो’ म्हणतो. झालं, बटणावर ‘येतो’ लिहिलं. पहिल्याच दिवशी आष्ट्याचे एक गृहस्थ मुलाचा फोटो बघायला आले, त्यांना वाटलं की आत यायचं बटण हेच. त्यांनी टोपी सारखी करून ‘येतो’ दाबलं आणि चौकट गेली निघून. त्यांना वाटलं मुलाकडच्यांनी तोंडावर दार लावलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा त्यांनी अदबीनं ‘येतो’ दाबलं. तिसऱ्यांदा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, आमाला यायचं न्हाई तुमच्यात, आसलं ठिकाण आमच्या पोरीला नगं. काकूंनी त्यांना चहा पाजून शांत केलं आणि मला बाहेर काढलं.

ह्या बटणांना काही शास्त्र आहे. बटण दाबणं ह्याला पुस्तकात ‘इव्हेंट’ म्हणतात. मी काकूंना समजावताना त्याचं भाषांतर ‘घटना’ असं केलं, तर त्या घाबरून म्हणाल्या, घटनेत आणि कशाला शिरतोस, वकिलाला विचारलंयस का. ते सोडून देऊ. तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला बटणाचं वर्म लगेच कळेल, आणि नाही कळलं तरी तुम्ही मान हलवालच (ती विद्या मी तुमच्याकडूनच घेतली). बटण करताना त्याला तीन गोष्टी सांगायच्या असतात. कुठल्या चौकटीत बसायचं, अंगावर काय लिहायचं, आणि कुणी दाबलं तर कुठल्या कामाला हाक मारायची. ‘पसंत’ नावाचं काम मी वेगळं लिहून ठेवलं होतं. दोन्हीकडची नावं उचल, पत्र जुळव, प्रिंटरकडं धाड. बटणाला ह्या कामाचं नुसतं नाव द्यायचं असतं. हजेरीपटावर पोराचं नाव असतं तसं. पोरगं बाकावर गप्प बसलेलं असतं, मास्तरांनी पुकारलं तरच उठतं. पण नावापुढं कंस टाकला, आत काहीही नसलेला पोकळ कंस, तरी त्याचा अर्थ होतो ‘ऊठ, आत्ताच्या आत्ता कर’. मग बटण तयार होता होताच काम उरकून जातं आणि बटणाच्या हातात काही राहत नाही. म्हणजे न दाबता चालतं आणि दाबलं तर ढिम्म.

मी तो कंस टाकला. का टाकला, तर तुमच्यामुळं. सहावीच्या सुट्टीत दहिवडीला मला ओसरीवर बसवून तुम्ही ‘कंचेभागुबेव’ पाठ करून घेतलं होतं, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, आणि दर अक्षराला मांडीला एक चिमटा. आधी कंस सोडव, मग जगाकडं बघ, असं तुम्ही म्हणायचा. तेव्हापासून जिथं कंस नाही तिथं मला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं (ह्या पत्रातसुद्धा बघा ना). मशीननं तरी काय केलं, तुमचाच नियम पाळला. आधी कंस. पुराणातल्या भाच्याच्या मुळावर आलेल्या त्या मामाचं नाव कंसच का, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. राग मानू नये. आणि गंमत अशी, की ‘पत्रिका जुळत नाही’ ह्या बटणाला कंस टाकायचा मी विसरलो होतो. म्हणून नकार सगळे शिस्तीत होते, दाबल्याशिवाय हलत नव्हते. होकारालाच तेवढा धीर नव्हता.

सोमवारी १६ तारखेला मी क्लासवर असताना काकूंनी एकट्यानं मशीन उघडलं. काही करायचं नव्हतं, नुसतं डोळ्यांखालून घालायचं होतं. पडून राहिलेल्या, ज्यांना हो-नाही काहीच कळवलेलं नाही अशा एकेका जोडीची चौकट त्यांनी उघडली आणि बंद केली (‘येतो’ म्हणून). चौकट उघडली की बटणं तयार व्हायची, बटण तयार झालं की कंसाचं काम, की मागच्या खोलीत प्रिंटर किरकिरायचा. काकूंना वाटलं मशीन विचार करतंय. मागच्या खोलीत शिपाई गुंडा. वय बावन्न, आणि ह्या माणसाला एक नियम ठाऊक, की प्रिंटरमधून कागद आला की घडी घालून पाकिटात सारायची, पाकिटावर छापून आलेला पत्ता चिकटवायचा, तिकीट लावायचं आणि पाचच्या आत पेटीत टाकायचं. वाचायचं नाही. परक्यांच्या पोरीबाळींचं वाचू नये, असं तो म्हणतो (वाचता येत नाही हे तो सांगत नाही). संध्याकाळपर्यंत सांगली, मिरज, तासगाव, आष्टा इथल्या त्रेचाळीस मुलींच्या बापांना पत्रं गेली की आपली कन्या चि. सौ. कां. अमुक आम्हांस पसंत आहे, पुढील बोलणीस सवड कळवावी.

काय काय झालं ते सगळं लिहीत बसलो तर तुमचा गुडघा आणखी दुखेल. आष्ट्याच्या एका मुलाकडं तीन मुलींचे बाप एकाच सकाळी, एकाच एसटीतून, एकमेकांना ‘कुणीकडं’ असं विचारत उतरले आणि एकाच दारात जाऊन उभे राहिले. त्या मुलाच्या आईनं पोह्यांत पाणी घालून निभावलं म्हणतात. एका मुलाचं लग्न उन्हाळ्यातच झालं होतं आणि ते केंद्राला कळवायचं राहिलं होतं. ‘सवड आहे, कधी येऊ’ हे मुलीकडचं उलट टपालाचं पत्र त्याच्या बायकोनं फोडलं. ती माहेरी गेली, मग परत आली, मग त्याला घेऊन काकूंकडं आली. सगळ्यात वाईट म्हणजे, मशीन तपासताना मी खोटी नावं कुठून आणू म्हणून वर म्हणून गुंडाचं आणि वधू म्हणून विजयमालाकाकूंचंच नाव घालून ठेवलं होतं, ते पुसायचं राहिलं. ते पत्र गुंडानं स्वतः घडी घालून, स्वतः तिकीट लावून पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ते काकूंच्या घरी दादासोंच्या हातात पडलं. दादासो साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, तीस वर्षांत काकूंपुढं पूर्ण वाक्य बोललेले नाहीत. ते पत्र घेऊन केंद्रात आले, सगळ्यांसमोर चष्मा लावून वाचलं आणि काकूंना म्हणाले,

“पत्रिका बघितलीस का? माझी तर त्या वेळी कुणी बघितली न्हवती.”

काकूंचा राग दोन दिवसांत उतरला. गुंडाच्या बायकोचं मात्र आजही चालू आहे.

चूक कुणाला सापडली, तर अश्लेषालाच. ती केंद्रातच कामाला आहे, बी. कॉम. झालेली, फाईली आणि टाईपचं काम तिच्याकडं (टाईप करताना पेन कानामागं अडकवते आणि मग टेबलभर शोधते, हे तुम्हाला कशाला सांगतोय कुणास ठाऊक). तिच्या स्वतःच्या नावावर ‘पत्रिका जुळत नाही’ अशी अकरा पत्रं आलेली आहेत, आणि ती अकराच्या अकरा तिनंच काकूंच्या सांगण्यावरून स्वतःच्या वडिलांना टाईप करून पाठवली (बाराव्यांदा टाईप करायची वेळ आली तर ‘आदरणीय बाबा’ एवढं तरी वर घालू का, असं तिनं काकूंना विचारलं होतं. काकूंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मीही खिडकीबाहेर बघितलं). मंगळवारी सकाळी बोंबाबोंब झाल्यावर मी मशीनपुढं डोकं धरून बसलो होतो. तिनं मागून येऊन विचारलं, न दाबता चालतंय आणि दाबलं की गप्प, असं ह्याच बटणाचं का होतंय, दुसऱ्याचं का नाही? मग दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघितल्या आणि ‘पसंत’पुढच्या कंसावर पेनाचं टोक ठेवून म्हणाली,

“सर, हा मामा इथं कशाला बसवलाय?”

(मला तुमची आठवण झाली आणि मी एवढा हसलो, की काकूंना वाटलं मला वेड लागलं.) कंस काढला. बटण शहाण्यासारखं वागायला लागलं. काकूंनी त्रेचाळीस घरांना माफीची कार्डं पाठवली, मशीनची चूक, क्षमस्व. नंतर आमच्या घरचं पत्र उघडकीला आल्यावर नानासोंनाही तेच कार्ड गेलं. बाकीच्यांनी शिव्या देऊन का होईना, मान्य केलं. नानासोंचं मात्र उलट टपाली कार्ड आलं, त्यात दोनच ओळी. मशीन चुकलं आसंल, आमची तक्रार न्हाई. रविवारी धा वाजता येतोय. आता सगळ्यांना कळलं ते ह्यांना का कळत नाही, हे आमच्या घरात कुणालाही उमगलेलं नाही.

तर मामा, शनिवारी सकाळच्या एसटीनं निघा. विट्याला गाडी बदलावी लागेल, तिथं चहा घ्या पण भजी खाऊ नका. रविवारी नानासोंपुढं बसून तुमच्या मास्तरी आवाजात सांगा, की यंत्राला काय कळतं, आमच्या घरातून असा कुणी होकार दिलेला नाही, आईचा तर नाहीच. एवढं तुम्ही केलंत की आई दुपारचं जेवायला लागेल आणि घराण्याचं नाकही शाबूत राहील. बाबांचा नमस्कार. त्यांना आतापासूनच पूजेची तयारी करायची आहे म्हणून जास्त लिहीत नाहीत.

तुमच्या चिमट्यांचे वळ मांडीवर वागवणारा भाचा,
देवदत्त

ता. क. आईचा चष्मा काडी तुटली म्हणून दुकानात दिलाय. त्यामुळं वरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, फक्त कंसातलं सगळं गाळून. तिला फार आवडलं. ‘मास्तरी आवाजात’ हे चांगलं लिहिलंस म्हणाली. आता ती दळण आणायला गेली आहे, गिरणीत गर्दी असते, तेवढ्यात खरं लिहितो. तुम्ही तारखा तपासणारे मास्तर, पण मी वर आमच्या पत्राची तारीख लिहिलेलीच नाही, ती बघून तुम्ही चिमटा काढायच्या आधी सांगून टाकतो. त्रेचाळीस पत्रं सोमवारी १६ तारखेला गेली. कंस मंगळवारी १७ ला निघाला. आमच्या घरचं पत्र शुक्रवारचं, २० तारखेचं आहे.

मशीन तेव्हा अगदी ठणठणीत होतं, मामा. डावीकडं माझं नाव, उजवीकडं तिचं, खाली तीन बटणं, आणि प्रिंटर गप्प. दाबल्याशिवाय काही होणार नव्हतं. मी दहा-पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो. सोमवारी न दाबता त्रेचाळीस होकार बाहेर पडले आणि मला एक दाबताना घाम फुटला. मग दाबलं. मला ती आवडते. गेलं वर्षभर आवडते, आणि काकूंचं मशीनचं काम मी विनामोबदला का घेतलं हे फारूकला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. तेव्हा रविवारी या जरूर, पुढंही बसा, पण वर लिहिलेलं काही एक बोलू नका. नानासोंना ‘या’ म्हणा आणि आईला गप्प करा. ह्या घरात ते फक्त तुम्हालाच जमतं.

आ. ता. क. आईला गप्प कसं करायचं हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. म्हणून मामींनाही घेऊन या. गेल्या दिवाळीत अनारसे तळता तळता मामींनी मला सांगितलंय की त्यांचं नक्षत्र पुष्य नाही. लग्नाच्या वेळी त्यांच्या वडिलांनी पत्रिकेत एक घर अलीकडं सरकवलं. पुष्याच्या पुढचं नक्षत्र कुठलं ते तुम्हाला सांगायला नको. (तुम्हाला हे आधीपासून ठाऊक असेल तर मामींवर रागावू नका. ठाऊक नसेल तर हा परिच्छेद तुम्ही वाचलेलाच नाही.) आजी, म्हणजे तुमची आणि आईची आई, म्हणजेच मामींची सासू, एक्याण्णव वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःच्या दातांनी ऊस खाल्ला, आणि गेली ती मामींच्या मांडीवर डोकं ठेवून. हा हिशेब तुम्ही आईला फळ्यावर मांडून दाखवा. मामींची परवानगी मी काढलेली आहे.

शेवटचं. नानासो माफीचं कार्ड मिळूनही का येतायत, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. शुक्रवारी मी बटण दाबलं तेव्हा गुंडा जेवायला गेला होता. मागच्या खोलीत अश्लेषाच होती. प्रिंटर थांबला तरी ती बाहेर येईना, तेव्हा मी भीत भीत आत डोकावलो. तिनं कागद प्रिंटरमधून सोडवून हातात धरला होता आणि वाचत होती. मला वाटलं आता फाडणार. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कागदाची घडी घातली, पाकिटात सारली, छापील पत्ता होता तो कचऱ्यात टाकला, कानामागचं पेन काढलं आणि पाकिटावर स्वतःच्या हातानं वडिलांचं नाव लिहिलं. नानासोंना पोरीचं अक्षर ओळखू येतं.